तिसऱ्या ओळीतली चूक

कोल्हापूर, गुरुवार, १२ ऑगस्ट १९७६

आज मीनू ते जपानी गाणं विसरली. ओसाकात रोज संध्याकाळी टीव्हीवर कार्टून लागायचं, त्याच्या सुरुवातीचं गाणं. हे कारखान्यातून आले की तिच्याबरोबर म्हणायचे आणि तिसरी ओळ मुद्दाम चुकवायचे. ती ओरडायची, "बाबा, चुकलं!" रोज तेच. मला जपानी कधी आलंच नाही, पण ती चूक तेवढी पाठ आहे.

हे तिकडे अचानक गेले आणि आम्ही दोघीच परत आलो. ते गाणं तेवढं तिच्या तोंडात राहिलं होतं. आज दोन ओळी म्हणून अडली. सासूबाई म्हणाल्या, "सुटलं बाई एकदाचं! आता कशी आपल्यातली झाली की पोरगी." त्यांचाच मुलगा गेला ना? मग बोलवतं तरी कसं? की त्यांनाही ते ऐकवत नव्हतं?

शेवटी मीच म्हटलं. तिसरी ओळ चुकवली, अगदी ह्यांच्यासारखी. आणि थांबले. आता ओरडेल, आता ओरडेल.

"हां, असंच होतं," म्हणाली आणि खेळायला पळाली.