रामाकोन्याचे पाच ठिपके

मंगळवार, संध्याकाळ

आज भर वर्गात चुकलो, अन् तरी इतका खूष आहे की बायकोले दोनदा सांगून झालं.

बीएच्या पोरांनी बागा फिरून संत्र्याचं वजन अन् भाव लिहून आणले होते. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढला. सगळे ठिपके रेषेजवळ, फक्त रामाकोना गावच्या बागांचे पाच वर लटकलेले. मी म्हटलं, "लिहिण्यात चूक असेल, पुसून टाका."

सुजाता उठली. एरवी हजेरीलेही तिचा आवाज निघत नाही. "सर, पुसू नका. माहे बाबा तिथंच तोडणीले जातात. तो मृगबहार आहे, पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचा; बाकी सारा आंबिया, हिवाळ्यातल्या फुलोऱ्याचा. तुम्ही दोन्ही एकातच टाकून राहिले."

मृगाले भाव जास्त, हे मले कसं सुचलं नाही? तिनंच नवा रकाना केला: आंबियाले शून्य, मृगाले एक. बटण दाबलं. वर दुसरी रेषा उमटली अन् पाचही ठिपके तिच्याजवळ! गट वेगळा असला तर त्याले वेगळा रकाना द्यायचा, दरवर्षी हेच फळ्यावर शिकवतो मी, अन् आज पुसायले निघालो होतो.

विभागातले एक सर म्हणतात, महागड्या सॉफ्टवेअरशिवाय या पोरांले हे जमणार नाही. उद्या त्यांले वर्गात बोलावतो. फळ्यापाशी सुजाता राहील. मी त्यांच्या शेजारी, मागच्या बाकावर.