ऊनेमा दुकानांचं तिसरं मत

द्राख्तन, १४ नोव्हेंबर

प्रिय हिस्के,

आपण दुकानदाराची लेकरं. घरातली मोठी बातमी आपल्याला नेहमी सगळ्यांत शेवटी कळते, तीही गिऱ्हाइकांच्या तोंडून. बाबांचं आजारपण तुला पाववाल्याने सांगितलं होतं. विक्रीचंही तू पेपरातच वाचलं असशील.

तुझा गुडघा बरा आहे ना? इथे थंडी वाढली आहे. संत निकोलासच्या सणाची चॉकलेटची अक्षरं दुकानांत आली, तुझ्या नावाचं पहिलं अक्षर बाजूला ठेवलं आहे.

पश्चिमेकडच्या त्या मोठ्या दुकान-साखळीला आपली, ऊनेमांची, सगळी किराणा दुकानं हवी आहेत. ते पाट्या बदलतील आणि इथलं गोदाम बंद करतील, कारण त्यांचं स्वतःचं आहे. गोदामातल्या चारशे माणसांनी मग काय करायचं, याबद्दल प्रस्तावात अवाक्षर नाही. घराण्याचे शेअर सांभाळणाऱ्या मंडळावर तिघंच: आई, सीब्रन काका आणि तू. काका विरोधात आहेत. आईचं मत मी गृहीत धरलं होतं.

शुक्रवारी गोदामाच्या कॅन्टीनमध्ये कामगारांपुढे बोललो. म्हणालो, मोठ्या माशाने लहान माशाला गिळावं हा पाण्यातला नियम असेल, माणसांतला नाही. लोक उठून उभे राहिले. माल चढवणारा खेर्बेन डोळे पुसत होता. आई पहिल्या रांगेत होती. तिनेही टाळ्या वाजवल्या.

पुढचं लिहायचं मी टाळतो आहे.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "छान बोललास. अगदी बाबांसारखा. मी मात्र विक्रीला होकार देऊन बसलेय."

मी गाडी कालव्याच्या कडेला थांबवली. "कधी?"

"सोमवारी. तू भाषण लिहीत होतास, म्हटलं कशाला मोडता घाला."

"आई, ती चारशे माणसं..."

"वोर्कुमच्या पोस्टमाबाईंकडेही माणसं होती. आपलं दुकान आपल्याला विकायला घरी आल्या होत्या. कॉफी मी ओतली. बाईंचा हात असा थरथरत होता, कप बशीत ठेवता येईना. त्या गेल्यावर तू म्हणालास, चला, आणखी एक आपलं झालं."

"तेव्हा मी पोरगा होतो."

"मासा तेव्हाही गिळतच होता रे. तो आपला होता, एवढंच. आणि आता चालवणार कोण? तुझी लेक नाटकात, हिस्केला यायचं नाही. भाषणाने दूध ट्रकमध्ये चढत नाही."

हिस्के, मी गाडी पुन्हा सुरू केली. आपण एकेक दुकान गिळत वाढलो, हे मला ठाऊक होतं. पण आई तो कप इतकी वर्षं मनात धरून बसली असेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

रात्रंदिवस विचार केला. ती आपल्याबद्दल खरं बोलली. पण खेर्बेनने कोणाचं दुकान गिळलं? पोस्टमाबाईंचं देणं त्याच्या पगारातून का फेडायचं? आपल्या पापाची लाज वाटत असेल, तर ते पुन्हा करू नये. चारशे घरांवर तर नाहीच.

बाबांनी मंडळावरची ती खुर्ची मला दिली नाही. "हिस्के कमी बोलते," म्हणाले. मला ते फार लागलं होतं. आज वाटतं, बरंच झालं. माझं बोलणं आईने आयुष्यभर ऐकलं आहे.

गुरुवारी मंडळाची बैठक आहे. एक हो, एक नाही, तिसरं मत तुझं. मत फोनवर कळवू नकोस, वकिलालाही पाठवू नकोस. स्वतः ये, आईच्या समोर बस आणि नाही म्हण.

मत नसलेला तुझा भाऊ,
दुर्क