ठमी फाटकाशी येतेय

बाबा,

तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. ठमीला आणायला तबेल्यावर चालले आहे. अकरापर्यंत तिला घेऊन फाटकाशी पोचेन. शेजारच्या काकूंना विचारलंय. "घोडी आण नाहीतर हत्ती आण, माझ्या गुलाबांना तोंड लावलं तर बघ," म्हणाल्या.

अंगणात तिला वळायला जागा नाही, मी मोजून पाहिलं. खिडकीतून फक्त कान दिसतील. तेव्हा तुम्हालाच बाहेर यावं लागेल. पलंगापासून फाटक अठ्ठावीस पावलं आहे, आणि पायाचं हाड जुळून महिना झाला असं डॉक्टर म्हणतात. गाजरं उभी चिरून तुमच्या स्वेटरच्या खिशात ठेवली आहेत.

मी आज खुशीत आहे. चेहऱ्यावरून कळत नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून लिहिते.

तुमच्या वॉकरला ती बुजू नये म्हणून काल तो तबेल्यात नेला होता; आता पलंगाशी आणून ठेवलाय. दिवसभर तो घरात नव्हता, हे तुमच्या लक्षातही आलं नाही. ठमी आधी दोन पावलं मागे सरली. मग तिने तो हुंगला, चाटला आणि पुन्हा गवताला लागली.

तिची भीती गेली. आता तुमची राहिली.

— धाकटी