साचा का थांबतो?

बडा गणपती, इंदूर
११ ऑगस्ट १९९२

चि. श्रीराम यास अनेक आशीर्वाद.

तुझी यामिनी आमच्याकडे मजेत आहे. काकूच्या हातचं जेवून अंगानं जरा भरलीही आहे. तिच्या कॉलेजनं यंदा नवीन टूम काढली. पदवी हवी तर तीन महिने कारखान्यात काम करा, तिथे स्वतःचा एक प्रश्न शोधा आणि उत्तरही स्वतःच शोधा. मग प्रोफेसर पगार कशाचा घेतात, हा प्रश्न मात्र अजून कोणाला सापडलेला नाही.

गेल्या सोमवारी ते प्रोफेसरसाहेब वीस पोरं घेऊन आमच्या कापड मिलच्या साचेखात्यात आले. नाकाला रुमाल. एकतीस वर्षं मी इथे जॉबर आहे, बंद पडलेले माग, आमच्या भाषेत साचे, चालू करतो; पण मला त्यांनी विचारलं काय, तर भिया, पंखा कुठे आहे. अर्ध्या तासात गेलेही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, ह्यांना उंटावरही दुसऱ्यानंच चढवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी वीसजणांतली एकटी यामिनी परत आली. साचा का थांबतो, हा तिचा प्रश्न. वही घेऊन बसते आणि साचा थांबला की मिनिटं आणि कारण टिपते. मी हसलो. साचा थांबतो कारण तो साचा आहे, म्हटलं.

लोभ आहेच, पत्राचा आळस तेवढा सोड.

तुझा
गोपीनाथदादा


बेटमा
२५ ऑक्टोबर १९९२

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमची जीभ अजून कानशीसारखी चालते. पण ह्या योजनेला नावं ठेवू नका. मी वीस वर्षं शाळेत घोकंपट्टीच करून घेतली, म्हणून पोरीला हे मिळालं याचा मला आनंद झाला होता.

आता काळजी लागली आहे. यामिनी लिहिते की, बेचाळीस दिवसांत साचे सर्वांत जास्त थांबले ते बदलायला पार्ट नसल्यामुळे आणि सर्वांत कमी कामगारांमुळे. मॅनेजर म्हणतात, असल्या अहवालावर सही मिळणार नाही. प्रोफेसर म्हणतात, कामगारांचा आळस हे कारण पहिलं लिही. जी मुलं मिलकडे फिरकलीही नाहीत, त्यांना उत्तम कामाचे दाखले मिळाले. दादा, एका ओळीचा प्रश्न आहे. ती नापास झाली तर ठरलेली नोकरी हातची जाईल. तिच्या आईनं खजराण्याच्या गणपतीला नवस बोलून उलटं स्वस्तिक काढलं आहे. ती तुमचंच ऐकेल. समजवा तिला.

तुमच्या मायेवर भार टाकून थांबतो.

आपला
श्रीराम


बडा गणपती, इंदूर
१९ नोव्हेंबर १९९२

चि. श्रीराम यास अनेक आशीर्वाद.

सोमवारी मिलला कुलूप लागलं. फाटकावर नोटीस आहे. कामगारांच्या आळसामुळे मिल डबघाईला आली, असं पेपरातही छापून आलं.

तू सांगितलंस म्हणून मी यामिनीला समजावलं. होय, मीच. ओळ बदल, पोरी, म्हटलं, जगात सगळेच बदलतात. ती वाद घालत बसली नाही. पार्ट येत नाहीत हे आम्हाला कधीपासून माहीत होतं, एवढंच तिनं विचारलं. सात वर्षांपासून, मी म्हणालो. मग कोणी कुठे लिहून ठेवलं का, असं तिनं विचारलं.

श्रीराम, साचेखात्यात आम्ही चारशे माणसं होतो. चहाच्या वेळी मालकाला शिव्या घातल्या, त्या प्रोफेसरला हसलो, पोरीलाही हसलो. एकानंही एक ओळ लिहिली नाही. पेपरवाल्यांना उत्तर द्यायला आज आमच्याकडे एकच कागद आहे, तो म्हणजे तुझ्या मुलीची वही. मला लाज वाटली.

तिनं अहवाल होता तसाच दिला. काल निकाल लागला, ती नापास आहे. तिचं एक वर्ष गेलं, माझी एकतीस गेली. तिला रागावू नकोस.

माझ्यावरचा लोभ कमी केलास तरी चालेल, तिच्यावरचा वाढू दे.

तुझा
गोपीनाथदादा