सिलिकॉन आपोआप बसतं

सोमवार, ३ मार्च
बाथरूममधलं बेसिन आणि भिंत यांच्यामधली फट पुन्हा गळली. पाणी मागून उतरतं आणि खालचं कपाट भिजतं. कपाटाचं दार इतकं फुगलंय, की पायाने ढकलल्याशिवाय लागत नाही. बायको म्हणाली, प्लंबरला बोलाव. म्हटलं, एवढ्याशा फटीला प्लंबर? सिलिकॉनची एक ट्यूब, ती दाबायला एक गन, अर्ध्या तासाचं काम. सासूबाई नुसत्या हसल्या. (गुडघ्याच्या उपचारांसाठी आमच्याकडे राहायला आल्यात. एरवी केक करून विकतात, त्यामुळे स्वतःला कलाकार समजतात.) ते हसणं मला झोंबलं. तिथल्या तिथे जाहीर केलं, की हे काम मला नीट जमलं नाही तर यापुढे या घरात खिळ्यालासुद्धा हात लावणार नाही. बायकोने लगेच आईला साक्षीदार केलं. या घरात माझ्या यशाची वाट कोण बघतंय आणि अपयशाची कोण, ते कळलं.

मंगळवार, ४ मार्च
खरेदी झाली. पांढरं सिलिकॉन, गन, चिकटपट्टी. दुकानदार म्हणाला, आधीचं सिलिकॉन सगळं खरवडा, जागा कोरडी करा, मगच नवीन भरा. या लोकांना प्रत्येक गिऱ्हाईक अडाणी वाटतं. जुनं तसंच ठेवणार. पाया मजबूत होतो.

बुधवार, ५ मार्च, सकाळी ७
ट्यूबचं टोक कापलं. जरा मोठं कापलं गेलं. हरकत नाही, काम लवकर उरकेल.

७.१५
काम फारच लवकर उरकलं. गनचा घोडा सोडला तरी सिलिकॉन येतच राहतं. हे ट्यूबवर ठळक अक्षरांत छापायला काय झालं होतं? नळ, आरसा, साबण, माझी डावी भुवई.

७.३०
बोटाने सारखं केलं. आता भिंतीपेक्षा बोटाला जास्त आहे. टॉवेलने पुसलं. टॉवेल बायकोचा निघाला.

रात्री
बेसिन उद्यापर्यंत बंद. सगळ्यांनी दात किचनच्या सिंकमध्ये घासावेत, असा हुकूम काढला. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, हे लाटांचं डिझाइन मुद्दाम केलंत का? मी हो म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च
डिझाइन गळलं. ब्लेडने सगळं खरवडलं. (दुकानदाराने सांगितलं म्हणून नव्हे. माझंच मत बदललं.) आज शास्त्रशुद्ध पद्धत. फटीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी, मध्ये सिलिकॉन. सिलिकॉन ओलं असतानाच पट्टी काढायची असं कुठेतरी वाचलं होतं, पण सुकू दिलं तर कडा अधिक पक्क्या होतील, हे साधं कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

शुक्रवार, ७ मार्च, सकाळ
पट्टी ओढली. पट्टीबरोबर सिलिकॉनही आलं. अख्खं, एका दमात, कुठेही न तुटता. बायको चहा पीत दारात उभी होती. चहाचा आणखी एक घोट घेतला. बोलली असती तर बरं झालं असतं.
तिसऱ्यांदा भरलं. ऑफिसला उशीर होत होता, गुठळ्या तशाच टाकून पळालो.

संध्याकाळ
चमत्कार! गुठळ्या गायब. रेघ सरळ, गुळगुळीत, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सारखी. मला वाटतं सगळ्या जगाची इथेच चूक होते. माणसं सिलिकॉनच्या मागे हात धुऊन लागतात. त्याला मोकळं सोडा, ते आपोआप बसतं. बायकोला बोलावून दाखवलं. छान झालंय म्हणाली आणि आईकडे बघून खोकली. सासूबाईंच्या नखांत काहीतरी पांढरं होतं. केकची ऑर्डर असणार. या वयातही काम सोडवत नाही त्यांना.
आज फार, फार आनंदात आहे.

सोमवार, १० मार्च
बेसिन गळत नाही. घरी सासूबाईंना आणि ऑफिसात सगळ्यांना सिद्धांत समजावून सांगितला. साहेबांच्या कानावर गेलं. त्यांच्या नव्या घरात हीच भानगड आहे. म्हणाले, प्लंबर चार दिवस नुसता येतो म्हणतोय. मी म्हटलं, सर, मी असताना प्लंबर कशाला? शनिवार ठरला.

शनिवार, १५ मार्च
साहेबांचं बाथरूम आमच्या हॉलएवढं आहे. पंधरा मिनिटांत भरून मोकळा झालो. साहेबांच्या मॅडमना रेघ वाकडी वाटली आणि मध्ये मध्ये ढेकळं दिसली. मी हसलो. साहेब ओलं फडकं घेऊन आले, तेव्हा मी चक्क त्यांचा हात धरला. सांगितलं, उद्या सकाळपर्यंत कुणी बोटही लावायचं नाही, आपोआप बसेल. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. आदर असा हळूहळूच निर्माण होतो.

रविवार, १६ मार्च, सकाळी ८
साहेबांचा फोन. बसलं नाही. दगडासारखं झालंय म्हणाले. मी हवामानामुळे असेल असं सांगितलं आणि दुपारपर्यंत थांबायला सुचवलं.

दुपार
मॅडमचा फोन. पाहुणे दारात आहेत आणि बेसिनवर पांढरं गांडूळ झोपलंय म्हणाल्या. प्लंबर मिळालाय. मी यायची गरज नाही. हे वाक्य त्या दोनदा बोलल्या.

संध्याकाळ
बायकोला म्हटलं, आपल्याकडे बसलं मग त्यांच्याकडे का नाही? ती खुर्चीत बसली, पोट धरून हसली, डोळे पुसले आणि मग सांगितलं. त्या शुक्रवारी मी ऑफिसला गेल्यावर सासूबाईंनी माझं सगळं काढलं, जागा पुसून कोरडी केली आणि केकवर क्रीम सोडतात तशी नवी रेघ सोडली. मला सांगितलं का नाही? तर जावईबापू त्या दिवशी इतके खूश दिसत होते, की सांगवेना, असं त्या म्हणाल्या म्हणे.
फार शरम वाटली. त्या गुडघ्यांनी बाई बेसिनपाशी वाकून उभ्या राहिल्या आणि मी आठवडाभर त्यांनाच सिद्धांत समजावत होतो.
शब्द तो शब्द. हत्यारांची पेटी उचलून सासूबाईंच्या खोलीत नेऊन ठेवली. त्यांनी नको म्हटलं नाही. निघताना न राहवून विचारलं, रेघ एवढी सरळ येते कशी? म्हणाल्या, बोट ओलं ठेवायचं, हात एकदाच फिरवायचा आणि काम होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं.
यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला नक्की जमतील.