फटाकडीमागचं कुत्रं

रविवार, उन्हाळा सरताना

चि. धाकट्या,

मी बरी आहे, तुम्हीही सगळे बरे असाल. जाड पेनाने लिहितेय, तरी ओळी उतरणीला लागतील. डोळ्यांतलं मधलं चित्र आता पुरतं पुसलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, लगेच हसवतोस.

पाणथळीवर जाणं चालू आहे. पाणी पार ओसरलंय, चिखल उघडा पडलाय आणि त्यावर तुतवार पक्ष्यांची नुसती लगबग. शेकाटे असे भांडतात, जशी वाटणी चाललीय. पक्षी बघायच्या लाकडी लपणातल्या बाकाचा डुगडुगणारा पाय सुताराने एकदाचा बसवला. फाटकावरचा रखवालदार तुझी चौकशी करतो. नवशिक्यांना आवाज ओळखायला मीच शिकवते. इथले अधिकारी साहेब त्यांना सांगतात, बाईंनी ऐकलं म्हणजे ते आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी लाल फटाकडी ऐकली, तेव्हापासून ते असं म्हणतात. पाणकणसांच्या उंच गवताच्या दाटीत राहणारा, सहसा दर्शन न देणारा पक्षी. इथे कुणालाच कधी आढळला नव्हता. माझी नजर जात चालली होती, दुर्बीण मी तुला देऊन टाकली होती. तू शेजारी बसला होतास आणि डावीकडून तो आवाज आला, उतरत जाणारा, थरथरता. शेवटी लांबवर कुत्रं भुंकलं, दोनदा. इथे कुत्रं कुठून आलं, असं मी विचारलं, तर पलीकडच्या शेतातलं असेल म्हणालास. मी रडले होते. माझ्या शब्दावर साहेबांनी तो कोपरा राखून ठेवला, यंदा तिथली पाणकणसांची कापणीही थांबवली.

परवा नव्याने येणाऱ्या एका शिक्षिकेने लपणात फोनवर फटाकडीचा आवाज लावला. हाच ना बाई, म्हणाली. तीच उतरण, तीच थरथर. आणि शेवटी तेच कुत्रं, दोनदा.

मी तिला हो म्हणाले.

घरी येऊन तुझ्या बायकोला फोन केला. त्या दिवशीच्या आवाजाचं विचारलं. ती म्हणाली, "ताई, त्यांनी तुमच्या आनंदासाठीच केलं हो." म्हणजे तिलाही माहीत होतं. त्या संध्याकाळी जेवताना मी पुन्हा पुन्हा तो आवाज काढून दाखवत होते आणि तुम्ही टाळ्या वाजवत होतात. सगळ्यांना ठाऊक होतं, मी एकटीच खुळ्यासारखी आवाज काढत बसले होते. नंतर हसलात का रे?

लपणात गप्प कसं बसायचं ते तुला मीच शिकवलं. तसाच गप्प बसून तू खिशातून फोन काढलास. दया आली असेल माझी, पण फसवलंस. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. डोळ्यांवरचा भरवसा गेलाच होता, कानांवरचा होता. आता गच्चीवर साधी चिमणी बोलली तरी मी थबकते, खरी आहे ना म्हणून.

काल साहेबांना सांगितलं, ती फटाकडी नव्हती. तुझं नाव घ्यायला जीभ रेटली नाही. माझाच कान चुकला, असं मीच म्हटलं. ते फार मायेने म्हणाले, "होतं असं वयाने, बाई. मनाला लावून घेऊ नका." उद्या तिथली कापणी सुरू होईल. नवशिक्यांना पुढच्या रविवारपासून दुसरं कुणीतरी शिकवणार आहे.

माझा कान चुकला नव्हता. हे साहेबांना तूच येऊन सांगायचं आहेस, माझ्यादेखत. येताना काय आणू म्हणून विचारत होतास ना, बाकी काही आणू नकोस.

त्यानंतर वाटलं तर लपणात बसू. पण माझ्याशेजारी बसशील तेव्हा दोन्ही हात माझ्या हातात देऊन बस.

पत्राखाली आशीर्वाद लिहायची सवय आहे. आज लिहीत नाही.

तुझी,
ताई