स्टेपनी डाव्याच अंगाला व्हती

सांगली,
२२ मे १९९४

स्टेपनी डाव्याच अंगाला व्हती, दाजी. तुमी मागच्या पत्रात पुन्हा 'उजव्या' लिवून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या, पण रेघा मारून स्टेपनी हिकडची तिकडं जात न्हाई. सोळा वर्सं आपलं ह्याच्यावर चाललंय. तुमी माझ्या बहिणीचे मालक, त्यात मामाचे ल्योक, म्हणून मी जास्त बोलत न्हाई. पण त्या वक्ताला गाडी कोण बघत व्हतं आणि शेंगा कोण खात बसलं व्हतं, ते साऱ्या यात्रेला ठाऊक हाय.

आता नमस्कार. श्री. नाथाजी दाजी यांस सयाजीचा वाकून नमस्कार. (हा आधी घालायचा व्हता, पण डोकं तापलं व्हतं.) मी हितं खुशाल हाय. तुमचा गुडघा कसा हाय? मंगल अक्का, पोरं, मेंढरं बरी असतील. आई तुमच्याजवळ हाय म्हणून मला घोर न्हाई. ती अजून 'डाव्याच अंगाला' म्हणती का? म्हणत असंल तर तिला म्हणू द्या. साऱ्या घरात माझ्या बाजूनं ती एकटीच हाय.

आता काय काय घडलं ते लिवतो. आमचे आप्पासो मेस्त्री टेम्पोला, ट्रॉलीला बॉडी बांधत्यात हे तुमास्नी म्हाईत हाय. जानेवारीत त्यांच्याकडं हळदीचे व्यापारी सुमंतशेठ आले. त्यांच्या देवदत्तचं लग्न मे महिन्यात, आणि देवदत्तला वरातीला घोडा नको, फुलं चिकटवलेली भाड्याची मोटार नको. त्याला आपल्या यात्रेतल्या त्या सिनेमातली हिरोची लाल उघडी गाडी पायजे, हुबेहूब, नाकावरच्या पितळी वाघासकट, आणि ती चालवणार तो सोता, शेजारी नवरी. लहानपणी बापाबरोबर टॉकीजला बघितली तवापास्नं म्हणे डोक्यात हाय. (पैसेवाल्याच्या डोक्यात ऱ्हायलं की त्याला हौस म्हणत्यात. माझ्या डोक्यात ऱ्हायलं तवा तुमी मला वैदूकडं न्हेलं व्हतं.) कॅसेट सांगलीत मिळंना, मिरजेत मिळंना. फोटो न्हाई, पोस्टर न्हाई. मेस्त्रींनी सिनेमा बघितलेला न्हाई. त्यांनी गॅरेजात इचारलं, ही गाडी कुणी बघितलीय का? मी हात वर केला.

का वर केला, असं तुमी म्हणाल. दाजी, यात्रेत तंबू पाच दिवस व्हता, पाची दिवस तोच सिनेमा, आणि पाची दिवस मी आईच्या मांडीवर बसून ती गाडी बघितली. मेस्त्री म्हणाले, "सया, ही गाडी बरोबर उतरली तर उद्यापास्नं तू मेस्त्री. चुकली, तर गावाकडं जाऊन मेंढरं राख." म्हंजे तुमचंच बोलणं, फक्त सांगलीत. मी म्हणालो, चालंल.

जुन्या जीपची चासी आणली आणि कामाला लागलो. मापं कुठनं आणली, इचारा. हिरो उभा ऱ्हायला की दार त्याच्या कमरंला लागायचं, आणि बसला की कोपर दारावर बरोबर मावायचा. मेस्त्री हिरोएवढेच उंच हायत (बाकी काय न्हाई). म्हणून त्यांनाच रोज खुर्चीवर बसवायचो आणि पत्रा त्यांच्या कोपराला लावून बघायचो. दोन महिने त्यांनी कोपर धरला, आता तो सरळ व्हत न्हाई. यवढं मोठं नाव असलेला माणूस, पण हुबेहूब म्हणल्यावर सगळं सोसलं. पत्रा ठोकला, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरला, घासला, पुन्हा भरला. पितळी वाघाची मान जराशी वळलेली, ती तशीच वळवली. खलनायकाच्या गोळीनं एका दिव्याला चीर पडती, ती चीर पण पाडली. (त्यात चार दिवे फुटले. पाचव्याला बरोबर चीर पडली.) स्टेपनी डाव्या अंगाला बसवली. तुमचं पत्र त्याच दिवशी आलं, ते मी पाना पुसायला घेतलं.

शंका दोघांनाच आली. नंबरप्लेटीवरची अक्षरं मला वाचता येत नव्हती तवाची ध्यानात हायत, तर मी ती चित्रावानी काढून दिली. पेंटर म्हणाला, "ही कुठल्या मुलखाची अक्षरं?" मी म्हणालो, इलायती. मेस्त्री म्हणाले, "अरं, स्टेअरिंग डाव्या हाताला?" मी म्हणालो, इलायती गाडीच हाय, तशीच असती. दोघंबी गप बसले. माझं बोलणं यवढं ठाम व्हतं की त्यांच्या जागी मी सोता असतो तर मीबी गप बसलो असतो.

लग्नाच्या दिशी संध्याकाळी गाडी मांडवापुढं उभी केली. सुमंतशेठनी पुढनं बघितली, मागनं बघितली, मग मान वाकडी करून बघितली. म्हणाले, "सगळं तेच हाय. पण काय तरी तेच न्हाई." देवदत्त तर सरळ म्हणाला, "स्टेपनी उजवीकडं होती." मी म्हणालो, आमच्या दाजींसारखंच तुमचंबी झालंय, साहेब.

ते मिटलं असतं. पण देवदत्त डावीकडं स्टेअरिंगवर बसला, नवरी उजवीकडं चढायला लागली, आणि त्याची आत्या आडवी आली. "लग्न लागल्यावर बायको नवऱ्याच्या डाव्या अंगालाच बसायची. उजव्या अंगाला बसवून माझ्या भाच्याची वरात निघायची न्हाई." भटजींना इचारलं. भटजी म्हणाले, आत्याबाई म्हणतायत ते खरं हाय. मग स्टेअरिंग तर उपटता येत न्हाई, म्हणून नवराच उजवीकडं सरकवला आणि नवरीला डावीकडं बसवलं, म्हंजे स्टेअरिंगवर.

अबोली तिचं नाव. तिनं आयुष्यात सायकलसुदीक चालवलेली न्हाई. मग इंजिन बंद ठिवलं, आणि मागनं मी, मेस्त्री अन् नवऱ्याकडचे सहा जण ढकलायला लागलो. मेस्त्री एकाच हातानं ढकलत व्हते, दुसरा कोपर. पुढं बँड, मधी गाडी, आणि अबोली हॉर्न वाजवती. पैल्यांदा दबकत एकदा वाजवला, मग काय सोडंचना. चौकात बँड सरळ गेला. अबोलीनं स्टेअरिंग फिरवलं. आमी खाली माना घालून ढकलतोय, आमास्नी काय दिसतंय? थांबलो तवा गाडी तिच्या बापाच्या दारात. तिची आई रडून रडून नुकतीच आत गेली व्हती, ती परत बाहेर आली. देवदत्त म्हणाला, "अगं, हिकडं कुठं?" ती म्हणाली, "मला एवढाच रस्ता येतो."

बँड परत यीपर्यंत तिनं माहेरी चहा घेतला.

सुमंतशेठनी दुसऱ्या दिशी गाडी परत धाडली. पण तरीबी सांगतो दाजी, वरात चुकली असंल, आत्या चुकली असंल, गाडी चुकलेली न्हाई. स्टेपनी डाव्याच अंगाला व्हती. पोरांना आशीर्वाद.

आपला,
सयाजी

ता. क. वरचं सगळं परवा लिवलं. काल मेस्त्री गाडीपुढं लय येळ बसले आणि म्हणाले, "सिनेमा यात्रेतल्या तंबूत बघितलास न्हवं? पडदा मधी असतो, पुढच्या अंगाला बापय, मागच्या अंगाला बायका. तू कुठल्या अंगाला व्हतास?" मी म्हणालो, आईच्या मांडीवर. पडद्याच्या मागनं बघितलं की उजवं ते डावं दिसतं, हे माझ्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. तवा स्टेपनी उजव्या अंगाला व्हती. हे मंगल अक्काला वाचून दाखवू नका.

ता. क. दुसरा. मला वाटलं, आता मेंढरं. पण मेस्त्री उठले, पट्टी घिऊन सारी गाडी मापली आणि म्हणाले, "उलटी हाय. पण सूतभरबी कुठं चुकलेली न्हाई. सोमवारपास्नं मेस्त्री म्हणून ये." मेस्त्री म्हणून माझं पैलं काम ह्याच गाडीचं हाय. पत्रा उतरवायचा आणि चासीवर टेम्पो बांधायचा.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर ह्यासाठीच लिवलं. ह्या गाडीला बरोबर म्हणणारं दुनियेत माझ्याशिवाय एकच माणूस हाय. मेस्त्रींना इनवणी करून गाडी पुढच्या रविवारपत्तोर तशीच ठिवलीय. आईला घिऊन या. विट्याला एस्टी बदलावी लागंल, तिला खिडकीशी बसवा, ओकारी येती. तिला कशाला ते सांगू नका. आणि हितं आल्यावर ती 'डाव्याच अंगाला' म्हणाली, की तुमी फक्त एकदा 'व्हय आत्या, डाव्याच' असं म्हणा. तुमचा गुडघा दुखतो हे म्हाईत हाय, म्हणून स्टँडपास्नं रिक्षा करा. दोघांच्या जाण्यायेण्याची तिकिटं, रिक्षा आणि वाटंत तुमाला शेंगा, असे मनिऑर्डरीनं धाडतोय रुपये एकशे चाळीस.